पेंडीत राहिलेले तेल

बेंगळुरूच्या जुन्या पेटेत नगर्तपेट, कुंबारपेट, अक्कीपेट यांच्या जोडीला एक गाणिगरपेटही आहे. कानडीत गाण म्हणजे घाणा आणि गाणिग म्हणजे आपला तेली. घाणे फिरवणाऱ्यांची ही वस्ती केव्हाच व्यापारी गल्ल्यांत विरून गेली. पण गेल्या काही वर्षांत हाच शब्द शहराच्या दुसऱ्या टोकांना परत आला आहे. बसवनगुडी, जयनगर, मल्लेश्वरम अशा भागांत ‘मरद गाण’, म्हणजे लाकडी घाणा, अशी पाटी दिसते. आत मोटरवर फिरणारा घाणा असतो आणि बाहेर शेंगदाणा, तीळ, खोबरे यांच्या तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. शेजारच्याच किराणा दुकानात रिफाइंड सूर्यफूल तेलाची पिशवी मिळते आणि घाण्याच्या तेलाची किंमत तिच्या दुपटीकडे झुकलेली असते. एवढा फरक दिसला की ग्राहकांचे दोन तट पडतात. रिफाइंड तेल म्हणजे विष, असे एक तट म्हणतो. घाण्याचे तेल म्हणजे शहरी श्रीमंतांची हौस, असे दुसरा म्हणतो. हा वाद यंत्रावर घालून सुटणार नाही, कारण खरा निर्णय बियाच्या हिशेबात दडलेला आहे. कोणत्या बियातून तेल कसे काढावे आणि त्याला किती दाम मोजावे, हे सांगणाऱ्या गोष्टी दोनच: बियात तेल किती आहे, आणि तेल काढून झाल्यावर पेंडीत किती राहते. हा हिशेब कोणालाही घरी बसून मांडता येतो आणि तो प्रत्येक ग्राहकाला यायला हवा असे मला वाटते.

भुईमुगापासून सुरुवात करू. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने शेंगांचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये ठरवला. बाजारभाव कधी त्याच्या वर असतो, कधी खाली. हिशेबाला मात्र हा आकडा पक्का आहे. शंभर किलो शेंगा फोडल्या की साधारण सत्तर किलो दाणे हाती येतात, बाकी टरफले. दाण्यात वजनाच्या सुमारे ४८ टक्के तेल असते, म्हणजे सत्तर किलोत साडेतेहतीस किलोच्या आसपास. हे सगळे तेल घाण्यातून निघत नाही. लाकडी घाण्याच्या पेंडीत दहा ते चौदा टक्के तेल राहून जाते. बारा टक्के धरले आणि तळाशी बसणारा गाळ वजा केला, तर हातात अठ्ठावीस किलो तेल आणि एकेचाळीस किलो पेंड उरते. लिटरभर तेलाचे वजन ९१० ग्रॅम भरते, तेव्हा अठ्ठावीस किलो म्हणजे पावणेएकतीस लिटर. नुसत्या शेंगांची किंमत या लिटरांवर वाटली तरी लिटरमागे २३६ रुपये होतात. पेंड किलोला पस्तीस रुपयांनी गेली असे धरले तर १,४३५ रुपये परत येतात आणि बियाचा निव्वळ खर्च लिटरला १८९ रुपयांवर येतो. अजून घाणा फिरलेला नाही, दिवा लागलेला नाही, बाटली विकत आणलेली नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

आता घाणा फिरवू. लाकडी उखळात एका वेळी बारा ते पंधरा किलो दाणे पडतात. लाट सावकाश फिरू लागते. आधी दाण्यांचे जाडसर कूट होते, मग त्यावर पाण्याचा हबका मारतात, कारण थोडी ओल मिळाल्याशिवाय कूट तेल सोडत नाही. थोड्या वेळाने त्याचा ओलसर गोळा बनतो, कडांना चमक येते आणि उखळाच्या तळाजवळच्या भोकातून तेलाची धार सुरू होते. पेंड लाकडाला घट्ट चिकटून बसते, ती पहारीने खरवडून काढावी लागते. या सगळ्याला पाऊण ते एक तास लागतो. आठ तासांच्या दिवसात आठ घाणे निघाले तर साधारण पंचेचाळीस किलो, म्हणजे एकोणपन्नास लिटर तेल होते. तीन अश्वशक्तीची मोटर दिवसभरात अठरा युनिट वीज खाते. आठ रुपये दराने लिटरमागे तीन रुपये. घाणा अडीच लाखांचा आणि दहा वर्षे चालणारा धरला तर त्याची झीज लिटरमागे दोन रुपयांचीही नाही. एका कामगाराची आठशे रुपये मजुरी म्हणजे लिटरला सोळा रुपये. शहरातल्या गाळ्याचे भाडे महिना तीस हजार धरले तर चोवीस रुपये. बारदान, हमाली, तोलाई, वाहतूक, शेंगा फोडणे आणि दाणे निवडणे यांचे बारा. बाटली आणि लेबलाचे बारा. माल अडकून पडल्याचे व्याज, परवाना, तपासणी आणि गाळून वाया जाणारे तेल यांचे मिळून आठ-नऊ. बेरीज २६५ रुपयांच्या आसपास जाते. त्यावर पाच टक्के जीएसटी घातला की २७८ आणि दुकानदाराचा नफा अजून बाकीच आहे. यातले काही आकडे मी धरून चाललो आहे, कोणाच्या गाळ्याचे भाडे निम्मे असेल तर कोणाचे दुप्पट. पण प्रमाण फारसे हलत नाही: बी १८९ रुपये आणि घाण्याचे लाकूड दोन रुपये. ज्या लाकडाच्या नावावर बाटली विकली जाते, त्याचा किमतीतला वाटा इतका नगण्य आहे.

यातून ग्राहकाच्या हाती एक चांगले माप येते. शेंगांचा भाव क्विंटलला हजार रुपयांनी उतरला तर घाण्याच्या तेलाचा खर्च लिटरमागे साडेबत्तीस रुपयांनी उतरतो. चढला तर तेवढाच चढतो. पेंडीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी पडला तर तेल तेरा रुपयांनी महागते. तेव्हा ‘शुद्ध लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल’ जर कोणी बियाच्या निव्वळ खर्चाच्या जवळपास विकत असेल, तर त्यात दुसरे तेल मिसळलेले असण्याचा संशय घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन खाद्यतेले मिसळण्याला कायद्याची सरसकट मनाई नाही. प्रत्येक तेल किमान वीस टक्के असावे आणि प्रमाण लेबलवर छापावे, अशी अट आहे. न सांगता मिसळणे ही मात्र भेसळ आहे आणि तिचा पहिला सुगावा किमतीतूनच लागतो.

तेच दाणे एक्स्पेलरमध्ये घातले तर काय होते? लोखंडी नळकांड्यात फिरणारा स्क्रू दाणे दाबत पुढे ढकलतो आणि पेंडीत सहा ते आठ टक्केच तेल राहते. आपल्या सत्तर किलो दाण्यांतून साडेतीस किलो तेल, म्हणजे साडेतेहतीस लिटर, आणि एकोणचाळीस किलो पेंड मिळेल. त्याच भावाने बियाचा निव्वळ खर्च लिटरला १७६ रुपये. घाण्यापेक्षा तेरा रुपये कमी. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. घाणा तेल वाया घालवतो म्हणून महाग, असे म्हटले जाते. पण भुईमुगाच्या बाबतीत ही नासाडी तेरा रुपयांचीच आहे. खरा खर्च घाण्याच्या संथपणाचा आहे. दिवसाला एकोणपन्नास लिटरांवर भाडे आणि मजुरी वाटली तर लिटरमागे चाळीस रुपये पडतात, शेजारी दुसरा घाणा बसवून त्याच माणसाने दोन्ही सांभाळले तर वीस, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून घाणा अर्धा दिवस उभा राहिला तर ऐंशी. घाणा सुरू करू पाहणारा बहुतेक वेळा यंत्र सागाचे घ्यावे की वागईच्या, म्हणजे शिरीषाच्या, लाकडाचे यावर महिना घालवतो आणि दिवसाला किती लिटर खपेल याचा विचार उद्घाटनानंतर करतो. सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून २०२० पासून यंत्रसामग्रीवर पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, अनुदान मिळू लागले. ते जरूर घ्यावे; पण लिटरमागे दोन रुपयांच्या खर्चावरचे हे अनुदान धंदा तारणार नाही, हे समजून घ्यावे.

भुईमुगाला लावलेले हे गणित सोयाबीनला लावले की चित्र पालटते. लातूरकडच्या शेतकऱ्याचे शंभर किलो सोयाबीन घ्या. त्यात तेल अठरा-साडेअठरा किलो, बाकी सगळा चोथा. पेंडीत बारा टक्के तेल ठेवणाऱ्या घाण्यात ते घातले तर ब्याण्णव किलो पेंडीबरोबर अकरा किलो तेल निघून जाईल आणि हाती जेमतेम साडेसात किलो लागेल. निम्म्याहून अधिक तेल गुरांच्या दावणीत. एक्स्पेलरनेही सहा किलो मागे राहते, म्हणजे एक तृतीयांश. हेक्झेन या द्रावकाने धुऊन काढले तर पेंडीत एक टक्क्याहून कमी तेल उरते आणि साडेसतरा किलोंच्या वर तेल मिळते. तांदळाच्या कोंड्याचेही असेच आहे: तेल पंधरा-वीस टक्के, शिवाय कोंड्यातले एन्झाइम गिरणीतून बाहेर पडताच तेल नासवायला लागते, म्हणून तो लवकर तापवून टिकाऊ करावा लागतो आणि द्रावकाशिवाय व रिफायनिंगशिवाय ते तेल सहसा खाण्याजोगे होत नाही. दुसऱ्या टोकाला खोबरे. त्यात पासष्ट टक्क्यांच्या आसपास तेल असते आणि पेंड थोडी निघते, त्यामुळे साध्या घाण्यातही शंभरातले नव्वदहून जास्त भाग तेल हाती येते. तिळाचेही तेलाचे प्रमाण पन्नास टक्क्यांजवळ. जितके बी तेलकट, तितका घाणा परवडतो. जितके बी कोरडे, तितकी द्रावकाची गरज वाढते. त्यामुळे ‘कोणती पद्धत चांगली’ या प्रश्नाला बियाचे नाव घेतल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. ‘लाकडी घाण्याचे सोयाबीन तेल’ खऱ्या खर्चात कोणाला परवडेल, हे वाचकानेच ठरवावे.

मग रिफाइंड सूर्यफूल इतके स्वस्त कसे, असा प्रश्न उरतो. आपण तुलनाच चुकीची करतो, हे त्याचे उत्तर. एका बाटलीत कर्नाटकाचा भुईमूग आहे, दुसऱ्या पिशवीत बहुधा काळ्या समुद्राकाठचे सूर्यफूल. दोन पद्धतींमधला फरक म्हणून जो दाखवला जातो, तो बराचसा दोन पिकांमधला आणि दोन देशांमधला फरक आहे. भारत दरवर्षी दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल आयात करतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त. पाम इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफूल रशिया-युक्रेनचे. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा बेंगळुरूच्या स्वयंपाकघरातली पिशवी लगेच महागली, रिफायनरीची पद्धत मात्र तीच होती. त्यात भर सीमाशुल्काची. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे शुल्क सर्व अधिभारांसह साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ अखेर ते साडेसोळावर आणले. रिफाइंड तेलाचे पावणेछत्तीस टक्के तसेच ठेवले. लिटरमागे दहा-पंधरा रुपयांचा फरक पाडणारा हा निर्णय दिल्लीत होतो, तो कोणत्याही घाण्यात वा रिफायनरीत घडत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की सूर्यफूल कर्नाटकाला परके नव्हते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये ‘बीएसएच-१’ हा देशातला पहिला सूर्यफुलाचा संकरित वाण दिला. संशोधन इथे झाले, शेतकऱ्याला पिकाचा भाव मात्र आयात तेलाशी झुंजत मिळवावा लागला. घाण्याच्या तेलाला लोक जो दाम मोजतात, त्यातला मोठा वाटा शेंगांच्या भावाचा आहे, तो मला म्हणूनच अवाजवी वाटत नाही.

आता आरोग्याचा आक्षेप, जो सर्वांत जोरात मांडला जातो. रिफायनिंगमध्ये तेलातला डिंक काढतात, कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग उडवतात आणि शेवटी निर्वात टाकीत सव्वादोनशे-अडीचशे अंश तापमानाला वाफ सोडून वास काढतात. हेक्झेन एकोणसत्तर अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे या टप्प्यांत ते जवळजवळ सगळे निघून जाते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्याची मर्यादा दहा लाख भागांत पाच भाग एवढी आहे. सोडा धुऊन काढला जातो. ‘पेट्रोलने धुतलेले तेल’ ही भीती म्हणून वस्तुस्थितीला धरून नाही. पण दुसरा भाग खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. त्या तापमानाला ई-जीवनसत्त्वाचा काही हिस्सा जातो, बियाचा मूळ गंध जातो, आणि विशेषतः पाम तेलात ग्लिसिडिल एस्टरसारखी नको असलेली संयुगे तयार होतात; युरोपने त्यांवर मर्यादा घातल्या आहेत. म्हणून ज्या बियाचे तेल नुसते दाबून आणि गाळून खाण्याजोगे होते, ते विनाकारण रिफाइन करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. शेंगदाणा, तीळ, खोबरे, करडई ही अशी तेले आहेत. सोयाबीन आणि कोंडा तशी नाहीत. आणि रिफाइंड तेलाला तळणीत एक सोय आहे हेही मान्य करावे: गाळलेले कच्चे शेंगदाणा तेल साधारण एकशे साठ अंशांना धुरावू लागते, रिफाइंड सव्वादोनशेच्या वर. रोजची फोडणी, चटणी, भाकरीवरची धार यांसाठी घाण्याचे तेल आणि सणासुदीच्या तळणीसाठी दुसरे, अशी वाटणी करणारी गृहिणी पाकक्रियेलाही न्याय देते आणि पैशालाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शनात दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. चौघांच्या घरी ते महिन्याला साडेतीन लिटर होते. सगळे तेल घाण्याचे घेतले तरी जादा खर्च चार-पाचशे रुपयांच्या घरात राहतो. तो प्रत्येक घराला झेपेल असे नाही, आणि ज्याला झेपत नाही त्याला ‘तुम्ही विष खाता’ असे सांगणे अन्यायाचे आहे.

घाण्याच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट मात्र सोडून देतात. रिफायनरी जशी चांगले काढून टाकते तसे वाईटही काढून टाकते. भुईमुगाचे दाणे ओलसर साठवले की त्यांवर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक द्रव्य तयार होते. दाणे दाबताना त्यातले बहुतांश पेंडीत जाते, थोडे तेलात उतरते. सोडा आणि माती यांच्या टप्प्यांत ते नाहीसे होते. घाण्याच्या तेलाला हे कवच नाही. म्हणजे घाणेवाल्याची खरी शुद्धता दाणे निवडण्यात आहे: काळे पडलेले, सुरकुतलेले, किडके दाणे बाजूला काढणे आणि माल कोरडा ठेवणे. मी वर धरलेल्या बारा रुपयांत ही निवड येते आणि किमतीच्या स्पर्धेत पहिली कात्री तिलाच लागते. बाद दाण्याचे तेल स्वस्त पडते आणि बाटलीत ते ओळखू येत नाही. दुकानात शिरून घाणा फिरताना पाहिला म्हणजे शुद्धतेची खात्री पटली असे नाही. शेजारच्या पोत्यात हात घालून दाणे पाहावेत. लाकूड विरुद्ध लोखंड या वादाचेही तेच. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत ‘कोल्ड प्रेस्ड’ तेलाची व्याख्या उष्णता न देता, केवळ यांत्रिक रीतीने काढलेले तेल अशी आहे. त्यात लाकडाचा उल्लेख नाही. सावकाश फिरणारा, न तापवलेल्या दाण्यांचा लोखंडी स्क्रूही त्या व्याख्येत बसू शकतो, आणि दाणे भाजून-शिजवून वेगाने चालवलेला एक्स्पेलर बसत नाही. सुट्या तेलाचेही एक सांगायला हवे. घरून स्टीलचा डबा नेऊन घाण्यावरून तेल आणणे कितीही आपुलकीचे वाटले, तरी २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुटे खाद्यतेल विकायला मनाई केली आहे. राज्य सरकारने सूट दिली तर गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या, म्हणजे अर्जेमोनच्या तेलाची भेसळ होऊन साठाच्या आसपास माणसे दगावली होती. अशा इतिहासामागून आलेल्या नियमाला बाटलीचे बारा रुपये ही फार मोठी किंमत नाही.

हा वाद आजचा नाही, आणि महाराष्ट्राला तर तो जवळचा आहे. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाण्याची रचना सुधारली आणि तो ‘मगनवाडी घाणा’ किंवा ‘वर्धा घाणा’ या नावाने देशभर गेला. पुढे कर्नाटकातल्या कोळ्ळेगालचे तेलरसायनज्ञ के. टी. अचया यांनी भारतीय घाण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून प्रांताप्रांतातल्या घाण्यांची नोंद करून ठेवली. ग्रामोद्योगाची बाजू अशी: गिरणी तेल जास्त काढते, पण तेल्याचे काम काढून घेते, आणि पेंडीत राहिलेले तेल वाया जात नाही, ते गावच्या गुरांच्या पोटात जाते. पहिला मुद्दा मला आजही पटतो. शहरातल्या घाण्याच्या लिटरमागे सोळा रुपये मजुरी जाते, ती कोणाची तरी चूल पेटवते. दुसरा मुद्दा हिशेबात तपासावा लागतो. पेंडीत राहिलेले किलोभर तेल पेंडीच्या भावाने, पस्तीस रुपयांनी विकले जाते. बाटलीत आले असते तर बियाच्या किमतीनेच दोनशेच्या आसपास झाले असते. तेलकट पेंडीला गुरे पाळणारा दोन-चार रुपये जास्त देईल, तेवढ्याने ही खोट भरत नाही. शिवाय जास्त तेलाची पेंड लवकर खवट होते. ज्या देशाला निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते, त्याने ते गुरांना घालण्याआधी दोनदा विचार करावा. पण हा आक्षेप शेंगदाण्याच्या घाण्यावर घेतला जातो तेव्हा त्याचे वजन लिटरमागे तेरा रुपये एवढेच असते, हेही तितकेच खरे. सोयाबीनचा निकाल त्याच्या डोक्यावर मारू नये.

यातून एक मधला मार्ग दिसतो, त्याची चर्चा फार कमी होते. बेंगळुरूपासून दोनशे किलोमीटरवर चित्रदुर्ग जिल्ह्यातले चळ्ळकेरे हे भुईमुगाच्या पट्ट्यातले गाव. एके काळी मुंबईच्या खालोखाल तेलगिरण्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. शेंगा तिथेच फोडल्या तर शंभरातले तीस किलो टरफल वाहून आणावे लागत नाही. दाणे तिथेच दाबले तर एकेचाळीस किलो पेंडही तिथल्या गोठ्यांजवळ राहते आणि शहराकडे निघतात ते अठ्ठावीस किलो तेलाचे डबे. शहरातल्या गाळ्याचे चोवीस रुपये भाडे, जे त्या तेलाच्या गुणवत्तेत कणभरही भर घालत नाही, ते गावात चार-पाचवर येते. ग्राहकाला डोळ्यांसमोर घाणा फिरताना पाहण्याचे समाधान मिळणार नाही. त्याची जागा तपासणीच्या दाखल्याने आणि बाटलीवर छापलेल्या दाबण्याच्या तारखेने घ्यावी लागेल. शहरात घाणा ठेवायचाच तर तो पेंडीला गिऱ्हाईक असलेल्या कडेला ठेवावा. दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, होसकोटे या बाजूला दुधाची गुरे सांभाळणारे शेतकरी आहेत आणि त्यांना ‘कडलेकाई हिंडी’, म्हणजे भुईमुगाची पेंड, रोज लागते. पेंड महिनाभर गाळ्यात पडून राहिली, तिला खवट वास लागला आणि ती निम्म्या भावाने गेली, तर वरच्या हिशेबातल्या बाटलीचा खर्च तेवीस रुपयांनी वाढतो.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते. नव्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात आणि नव्या पिकाचा पहिला वाटा नंदीला जातो. त्या सुमारास यशवंतपूरच्या बाजार समितीत शेंगांची आवक वाढू लागलेली असते. घाणेवाल्याने वर्षाचा माल भरायचा तो याच आठवड्यांत, आणि व्याजाचे पैसे मोजायला लागतात तेही तेव्हापासूनच. उन्हाळा सरता सरता जो घाणा जुन्याच भावाने तेल देतो, त्याने एकतर कार्तिकात पोती भरून कोरडी ठेवलेली असतात, नाहीतर दाणा बदललेला असतो. पोत्यातला मूठभर दाणा हातावर घेऊन पाहिला की यांतले काय झाले ते कळते.